उपसर्गांची वही

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही, कारण माझ्याकडे आठवीतली एक दोनशेपानी वही अजून आहे आणि तिच्याबद्दल मला कधीपासून बोलायचं होतं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. स्पेलिंग पाठ करायचं, शब्दार्थ पाठ करायचे, पेपरात उतरवायचे. इम्पॉसिबल वेगळा पाठ, इलीगल वेगळा, इरेग्युलर वेगळा. आठवीत बाई आल्या, त्या मराठी व्याकरण पण घ्यायच्या आणि इंग्रजी पण, आणि मला तर वाटतं म्हणूनच हे सगळं घडलं. एकदा मराठीच्या तासाला संधी चालू होत्या, उत् अधिक लेख उल्लेख, उत् अधिक लंघन उल्लंघन, आणि पुढचाच तास इंग्रजीचा होता तर बाईंनी फळा पुसलाच नाही, उल्लेखच्या शेजारी लिहिलं 'इन अधिक लीगल' आणि म्हणाल्या आता तुम्ही करा संधी. त्या दिवशी कळलं की स्पेलिंगमध्ये दोन एल का येतात. मग इन अधिक रेग्युलर, तिथे दोन आर. मग म्हणाल्या 'पॉसिबल' म्हणा बरं हळू, ओठ मिटतात ना? मिटतात म्हणून आधीच्या न चा म होतो, संताप म्हणताना न येतो आणि संपर्क म्हणताना म येतो तसंच. सगळा वर्ग संताप-संपर्क, इनकम्प्लीट-इम्पॉसिबल म्हणत ओठ चाचपत बसला होता.

त्या दिवसापासून वहीत दोन रकाने. डावीकडे आपला उपसर्ग, उजवीकडे इंग्रजी. पहिल्या ओळीत डावीकडे अ आणि अन्. व्यंजनाआधी अ म्हणून अशक्य, स्वराआधी अन् म्हणून अनादर, अनेक. उजवीकडे मात्र तीन जण. अनहॅपीतला अन हा इंग्रजीचा घरचा, इन लॅटिनमधून आलेला, आणि ग्रीकमधून आलेले अ नि ॲन. ॲटम म्हणजे अ अधिक कापणे, जो कापता येत नाही तो. बाई म्हणाल्या हे चारही मूळचे एकाच घरातले, आणि १७८६ साली कलकत्त्याला विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने भाषणात सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आलेल्या असणार. खेड्यातली पोरं आम्ही, इंग्रजी म्हटलं की पोटात गोळा यायचा, आणि इथे तर ती नात्यातली निघाली.

सगळंच सरळ नव्हतं पण. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल असं आम्ही सगळ्यांनी लिहिलं होतं, बाईंनी शेजारी फक्त 'अमूल्य' लिहिलं आणि पुढे गेल्या. आणि टँकरच्या मागे लिहिलेलं असतं 'हायली इन्फ्लेमेबल', ते वाचून एकाने विचारलं, हे पेटत नाही का? बाई एकदम गंभीर झाल्या. हा इन नाही म्हणणारा नाही, हा 'आत'वाला इन, फ्लेम म्हणजे ज्वाळा, पटकन पेट घेणारं, आणि हे चुकलं तर माणूस जाईल. पुढे नर्सिंगला 'इन्फ्लमेशन' शब्द आला तेव्हा मला तो टँकरच आठवला. आपण त्याला दाह म्हणतो, म्हणजे दोन्हीकडे आगच.

दहावीनंतर बारावी, मग जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. मराठी माध्यमातल्या आम्ही चौघी-पाचजणी होतो, ॲनाटॉमीचं पुस्तक उघडलं की रडू यायचं. मी वही काढली आणि पुढे लिहायला लागले. ॲनिमिया, ॲन अधिक रक्त. ॲनस्थेशिया, ॲन अधिक संवेदना. ॲसेप्टिक म्हणजे जंतू नसलेलं, इथे स आला म्हणून नुसता अ. स्पेलिंगमध्ये वाय असलेला 'डिस' म्हणजे आपला दुस्, दुर्. डिस्प्निया म्हणजे श्वासाला त्रास, डिसेंट्री म्हणजे आतड्याचं बिघडलेलं. होस्टेलवर रात्री मैत्रिणी ती वही उतरवून घ्यायच्या.

आणि हायपो-हायपर. याबद्दल जरा जास्त लिहिते कारण यात मी जवळून बघितलंय. हायपो म्हणजे आपलं उप, उपमुख्याध्यापक मुख्याध्यापकांच्या खाली तसं. हायपर म्हणजे उपरि, उपर्युक्त मधलं. लिहिताना फरक दिसतो पण फोनवर, रात्री अडीच वाजता, गोंगाटात, दोन्ही सारखेच ऐकू येतात. मी तेव्हा एका हॉस्पिटलमध्ये नाईट ड्युटीला होते, वरच्या वॉर्डातून पेशंट येणार असा फोन आला, ज्युनिअर मुलीने घेतला आणि तिने ऐकलं हायपरग्लायसेमिया, म्हणजे शुगर वाढलेली, म्हणून ती इन्सुलिन काढायला निघाली. पेशंट आला तर घामाने भिजलेला, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. मी आधी ग्लुकोमीटर लावला. ४६. सत्तरच्या खाली गेली की आम्ही कमी धरतो, ही तर फारच खाली. डॉक्टरांनी लगेच डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, द्यायला सांगितलं आणि थोड्या वेळात तो माणूस मला विचारायला लागला की मी कुठे आहे. इन्सुलिन गेलं असतं तर शुगर अजून उतरली असती. ती पोरगी नंतर खूप रडली, तिची एकटीची चूक नव्हती ती. तेव्हापासून मी हँडओव्हरला, म्हणजे पेशंट दुसऱ्याकडे सोपवताना, नुसतं हायपो म्हणत नाही, 'शुगर कमी, ४६' असं आकड्यासकट सांगते आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेते. नवीन मुली आल्या की पहिल्या आठवड्यात उप आणि उपरि शिकवते.

वहीत एक ओळ राहिली होती. दहावीच्या निरोपाच्या दिवशी बाईंनी डाव्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात 'परि' लिहिलं होतं, परिसर, परिक्रमा मधला, आणि उजवा रकाना रिकामा ठेवून म्हणाल्या हा तू शोध. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी सापडला, पेरिकार्डियम, हृदयाभोवतीचं आवरण. तेव्हा बाईंची बदली झालेली होती, सांगायचं राहून गेलं. कार्यक्रमाला बाई येणार आहेत असं कळलंय. मी रजा टाकली आहे, वही घेऊन येते.