इन्स्पायर मानकचं नामांकन: कल्पना मिळते, पासबुक अडतं

विज्ञान शिकवणाऱ्याचा अर्धा जुलै बँकेच्या काउंटरसमोर जातो, हे एकाही प्रशिक्षणात सांगत नाहीत. इन्स्पायर अवॉर्ड–मानक या मुलांच्या नव्या कल्पनांना पैसे देणाऱ्या सरकारी योजनेसाठी शाळेतून पाच मुलांच्या कल्पना पाठवता येतात. पोर्टलवरची माहिती एका बैठकीत भरून होते. कल्पनाही मिळतात, त्याबद्दल पुढे सांगते. माझी चिडचिड आहे ती खाते क्रमांकाच्या एका रकान्यापायी.

योजना केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, राबवणारी संस्था नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन. आधी सहावी ते दहावीसाठी होती, आता बारावीपर्यंतची मुलं चालतात. देशभरातून १० लाख कल्पना गोळा करायच्या, त्यातल्या १ लाख निवडून प्रत्येकी १०,००० रुपये द्यायचे, अशी तिची आखणी आहे. त्या पैशातून मुलाने प्रतिकृती करून जिल्हा प्रदर्शनात मांडायची. तिथून राज्य, मग राष्ट्रीय पातळी. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

घरात मुलाचं पासबुक असतं, पण ते उघडून पाहिलं की पहिलं नाव आईचं निघतं. संयुक्त खातं; मूल दुसरं. हे चालवून घेऊ नका. खातं मुलाच्याच नावावर हवं. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतंत्र बचत खातं उघडून देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे, तरी काउंटरवर ‘अठरा पूर्ण होऊ दे’ हे उत्तर ऐकावं लागतं. तिथे वाद घालू नका. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं बोनाफाइड, मुलाचं आधार, पालकांचं आधार आणि दोन फोटो घेऊन थेट शाखाधिकाऱ्यांना भेटा. पालकांसह चालवायचं अज्ञान (म्हणजे अल्पवयीन मुलाचं) खातं लगेच मिळत असेल तर तेही घ्या, फक्त पासबुकावर पहिलं नाव मुलाचं आहे ना, ते काउंटर सोडण्याआधी वाचा.

दुसरा गुंता नावाचा. शाळेच्या जनरल रजिस्टरला ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’, आधारवर ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’, आणि पासबुकात वडिलांचं नुसतं आद्याक्षर. त्यात इंग्रजी स्पेलिंगमधली दीर्घ ई कुणी एका अक्षराने लिहितं, कुणी दोन अक्षरांनी. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी आधार आणि रजिस्टर यांतलं बरोबर कोणतं ते ठरवा, आणि मगच बँकेत दुरुस्तीचा अर्ज द्या. उलट क्रमाने गेलं तर बँकेत दोनदा जावं लागतं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, कारण दुरुस्तीचा अर्ज शाखेत घेतात खरा, पण पोच मागितल्याशिवाय देत नाहीत. पोच घ्याच.

तिसरं म्हणजे ‘आधार जोडलंय मॅडम’ या वाक्यावर विसंबू नका. केवायसीसाठी आधारची प्रत खात्याला लावणं वेगळं आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी एनपीसीआयच्या (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या) नोंदीत आधार त्या खात्याशी जोडणं वेगळं. दुसऱ्यासाठी बँकेत स्वतंत्र संमतीपत्र भरावं लागतं. ती जोडणी एका वेळी एकाच बँकेशी राहते, म्हणून शिष्यवृत्तीसाठी आधी दुसरं खातं काढलेलं असेल तर तेही विचारा. ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला असला की ओटीपी टाकून दोन मिनिटांत कळतं.

जुनं पासबुक असेल तर आयएफएससी, म्हणजे बँकशाखेचा कोड, तपासा. २०१९ मध्ये देना बँक बँक ऑफ बडोदात गेली, २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण आणि महाराष्ट्र ग्रामीण एक झाल्या. जुन्या पासबुकावर छापलेला कोड अशा वेळी कामाचा राहत नाही. आणि दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय ठरू शकतं. आधी शंभर रुपये भरून एक नोंद पासबुकात छापून घ्या. खातं जिवंत असल्याचा तोच पुरावा.

आता कल्पनांचं. बेकिंग सोड्याचा ज्वालामुखी, सिरिंजचा जेसीबी, पर्जन्यजल संधारणाचं थर्माकोल मॉडेल हे सगळं आधीच बाद धरा. अंधांसाठीची ‘स्मार्ट काठी’ही दरवर्षी येते. बाजारातला एचसी-एसआर०४ हा ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर लावला की झालं, असं मुलांना वाटतं. पण त्याचा झोत अरुंद असतो, मऊ कापडावरून प्रतिध्वनी नीट परतत नाही आणि कपाळाच्या उंचीची फांदी काठीवरच्या सेन्सरला दिसतच नाही. मुलाने यातली एखादी अडचण मोजून सोडवली असेल तरच ती कल्पना पाठवण्याजोगी.

शाळा सुरू झाली की मी वर्गाला अडचण वही देते. आठवडाभर रोज एक नोंद: घरात किंवा शेतात कोणतं काम त्रासाचं, ते कोण करतं, किती वेळ लागतो, सध्या काय वापरतात. ‘पाणी वाचवा’ ही नोंद नव्हे. ‘कांदाचाळीतला कांदा खालच्या थरात सडतो आणि वास येईपर्यंत कळत नाही’ ही नोंद. त्यावर मग वर्गात प्रश्न येतात: सडताना तापमान वाढतं का, भोकं पाडलेला पाइप ढिगात खुपसून आतलं तापमान मोजता येईल का, किती अंतरावर पाइप लागतील? तपासणीत नावीन्य, समाजाला उपयोग, पर्यावरणाला त्रास न होणं, वापरायला सोपं असणं आणि सध्याच्या साधनांपेक्षा सरस असणं पाहतात. सारांशही याच पाच अंगांनी लिहून घ्या, मुलाच्या भाषेत, मराठीत. शिक्षकाने घोटून गुळगुळीत केलेला परिच्छेद लगेच ओळखू येतो. सोबत हाताने काढलेली, भागांना नावं दिलेली आकृती.

राहिलंच: शाळेची नोंदणी मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक ईमेलवर करू नका. बदली झाली की लॉगिनही त्यांच्याबरोबर जातं. माहिती नुसती सेव्ह केली म्हणजे नामांकन झालं असं नाही. ते जिल्हा अधिकाऱ्यांकडे फॉरवर्ड करावं लागतं, आणि तिथूनही पुढे गेलं का, हे अधूनमधून पाहावं लागतं. शेवटच्या आठवड्यात पोर्टल रडतं, म्हणून बँकेचं काम जूनमध्येच, वही वाटायच्याही आधी सुरू करा. पाचऐवजी आठ-दहा मुलांची खाती तपासून ठेवा.

निवड झालीच तर प्रतिकृतीत मोटर चालवायला ९ व्होल्टचा चौकोनी सेल वापरू देऊ नका. त्याचा अंतर्गत रोध जास्त, मोटरने प्रवाह ओढला की व्होल्टेज पडतं, आणि परीक्षक समोर येईपर्यंत तो मान टाकतो. पेन्सिल सेल चार, एकसर जोडणीत, म्हणजे ६ व्होल्ट. शिवाय चार सुटे खिशात.