ग्रामसभेचं आवतण

22 सप्टेंबर

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला दहा दिवस उरले आणि शिवारात सोयाबीन काढणीला आलंय. आता गणपूर्तीची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची, रडकथा सुरू होणार. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या वर्षातल्या चार ठरलेल्या सभा. त्यातली गांधी जयंतीची सभा सगळ्यांत कामाची, कारण पुढच्या वर्षाच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्याची चर्चा तिथून सुरू होते. काम आराखड्यात आलं नाही तर निधी दारात येऊनही उपयोग नाही. आणि नेमकी हीच सभा सुगीत येते.

हिशेब आधी मांडून ठेवावा. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं हवीत. मतदार 500 असतील तर 75 पुरतात. साधारण 667 च्या पुढचं कोणतंही गाव असो, 100 डोकी लागतात. पंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेलाच ग्रामसभेचा सदस्य. पुण्याला नाव हलवलेला पुतण्या किंवा अठरा पूर्ण होऊनही मतदार नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म न भरलेली पोरगी येऊन बसली तरी मोजदादीत धरत नाहीत. म्हणून 105 जणांवर समाधान मानू नये. 130 ते 140 जणांचा शब्द घेतला तर शंभर भरतात.

गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तहकूब झालेल्या सभेला पुढच्या वेळी गणपूर्ती लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विषय तेच राहतात, नवा विषय घेता येत नाही, पण बारा माणसांतही सगळं मंजूर होऊ शकतं. काही गावांत पहिली सभा मुद्दाम मोडू देतात, ती याच हिशेबावर.

23 सप्टेंबर

सभेची नोटीस किमान सात दिवस आधी लागायला हवी. तेव्हा 24 तारखेला संध्याकाळपर्यंत फलक पाहून यायचा आणि नोटिशीचा तारखेसकट फोटो काढून ठेवायचा. आपला विषय, म्हणजे वस्तीवरच्या पाण्याचा, विषयपत्रिकेवर हवा असेल तर अर्ज त्याच्याही आधी द्यावा लागतो, दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन. ‘आयत्या वेळच्या विषयां’वर भिस्त ठेवू नये. तोवर पोरं रडायला लागलेली असतात, निम्मी माणसं चपला शोधत असतात, आणि ग्रामसेवक (हल्ली पदनाम ग्रामपंचायत अधिकारी, तोंडात मात्र ‘भाऊसाहेब’च) वही मिटायच्या घाईत असतात.

24 सप्टेंबर

दवंडी झाली. म्हणजे घंटागाडीच्या भोंग्यावरून दोनदा ओरडलं गेलं आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटिशीचा तिरका फोटो पडला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. त्या रांगेवरून हजेरीचा अंदाज बांधणारा दर वेळी फसतो.

लग्नाचंच बघा. पत्रिका पोराच्या हाती धाडली की घरातलं एखादं माणूस येऊन तोंड दाखवून जातं. घरची कर्ती माणसं उंबऱ्याला येऊन अक्षत देऊन गेली की अख्खं घर येतं, आणि आलं नाही तर त्याची बोच त्याच घराला लागते. नोटीस काढणं हे पंचायतीचं काम आहे. आवतण मात्र माणसानं माणसाला द्यायचं असतं, आणि गावात दोन्हींतला फरक लहान पोरालाही कळतो.

25 सप्टेंबर

आवतणाची वही करायची. दोनशे पानी, आडव्या रेघांची. मोबाइलमधला तक्ता दोनच दिवसांत कुणी उघडत नाही, वही खिशातून निघते. मतदारयादी घेऊन वॉर्डवार घरं लिहायची आणि प्रत्येक घरापुढे चार रकाने आखायचे: घरात शब्द कुणाचा चालतो, ते माणूस कधी आणि कुठे भेटतं, घराची स्वतःची अडचण काय, आणि आपल्यापैकी कुणी गेलेलं चालेल. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. बांधावरून कोर्टात गेलेल्या भावकीतला माणूस कितीही चांगल्या कामासाठी आला तरी दार अर्धंच उघडतं.

एका माणसाकडे दहा घरं. पंधरा दिली की शेवटची पाच फोनवर उरकली जातात. चौदा जण मिळाले तर 140 घरं होतात. हे चौदा जण एकाच आळीतले, एकाच पॅनेलचे, एकाच वयाचे असले तर मात्र आकडा फसवा. ते सगळे त्याच चाळीस घरांत फिरतात आणि पलीकडच्या वस्तीवर कुणीच पोचत नाही. पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनेलवर होते, आणि पॅनेलचा राग पाच वर्षं निवत नाही. म्हणून चौदांत किमान तीन-चार जण समोरच्या पॅनेलकडे बसउठ असलेले हवेत.

ज्यांच्या ओळखी आपोआप आडव्या-उभ्या पसरलेल्या असतात अशी माणसं प्रत्येक गावात असतात. आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटांच्या अध्यक्ष-सचिव (एका गटात दहा ते वीस बायका, म्हणजे पाच गटांत चांगला आवाका), दूध संकलनावर फॅट लावणारा पोरगा, गिरणीवाला, सोसायटीचे सचिव. दुधाच्या सेंटरवर सकाळी सहा ते आठ या वेळात जेवढं गाव भेटतं तेवढं दिवसभर फिरून भेटत नाही. फक्त तिथे बोलणं एका वाक्याचं ठेवायचं. किटली हातात धरून कुणी भाषण ऐकत नाही. आशा आणि अंगणवाडीताईंना मात्र निरोप्या करून टाकू नये. त्यांना सगळ्या घरांत जायचं असतं, एका बाजूचा शिक्का बसला की त्यांचं रोजचं काम अडतं. कोणतं माणूस कधी घरी सापडेल एवढं विचारलं तरी पुष्कळ.

27 सप्टेंबर

उंबऱ्यावर काय चुकतं, याची नोंद.

पाच जण मिळून गेलं की घरवाला ‘बघू की’ म्हणतो. दोघांनी जावं, त्यातली एक बाई असावी. संध्याकाळी साडेसातनंतर, जेवणाच्या आधी. आपला विषय आधी काढायचा नाही. रेशनकार्डात सुनेचं नाव चढत नाही, घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावर जुनंच नाव आहे, विजेच्या डीपीवरचा फ्यूज उडतो, हे आधी ऐकून वहीत लिहायचं. यातलं जे सभेत बोलण्यासारखं असेल ते त्यांनीच सभेत बोलावं म्हणून सांगायचं. ‘आम्ही करून देतो’ हे शब्द तोंडातून काढले की तुम्ही पुढाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलात.

‘येतो, तुम्ही व्हा पुढं’ हा नकार आहे. ‘किती वाजता? मळणीयंत्र दुपारनंतर मागवतो’ हा होकार. वहीत या दोन्हींना वेगळी खूण हवी.

आणि नवऱ्याशी बोललं म्हणजे घराशी बोलणं झालं, हा गैरसमज तर सगळीकडे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. तिथे आलेला विषय दुसऱ्या दिवशी दाबणं अवघड जातं, म्हणून पाण्याचा विषय आधी तिथेच मांडायचा.

याच हिशेबाचं कडक रूप दारूबंदीच्या मतदानात दिसतं. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, सह्यांची पडताळणी होते, तेव्हा बाईला स्वतः हजर राहून सही आपलीच असल्याचं सांगावं लागतं. मग आडवी बाटली (दुकान बंद) आणि उभी बाटली (दुकान चालू) अशा चिन्हांवर मतदान. आडव्या बाटलीला मतं हवीत ती एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. झालेल्या मतदानाच्या नव्हे. घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. 900 महिला मतदारांच्या गावात 430 विरुद्ध 20 असा निकाल लागला तरी दुकान चालूच राहतं, कारण 451 हवी होती. तिथे मंडपातल्या सभेनं भागत नाही. माहेरी गेलेली, मजुरीला गेलेली, बाळंतीण, प्रत्येकीचा पत्ता वहीत लागतो.

29 सप्टेंबर

आज ठरावाचा मसुदा. ‘वस्तीवर पाण्याची सोय करावी’ असा ठराव एकमतानं मंजूर होतो आणि तिथेच राहतो. उदाहरणच घ्यायचं तर असा लिहावा: अमुक वस्ती, 22 घरं, टाकीपासून 400 मीटर, 63 मिलिमीटरची एचडीपीई पाइप, कोणत्या गट नंबरांतून जाणार, त्या शेतकऱ्यांचं संमतिपत्र सोबत, अंदाजपत्रक शाखा अभियंत्याकडून घ्यावं, खर्च अमुक निधीतून. निधीचं नाव चुकलं की काम अडकतं. पंधराव्या वित्त आयोगात 2021 ते 2026 या वर्षांसाठी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली (बंधित) होती, 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची. पाण्याचं काम अबंधितमध्ये टाकलं तर ते रस्त्याशी आणि सभामंडपाशी भांडत बसतं, आणि बंधितमधली शिल्लक पडून राहते. स्वउत्पन्नाचेही वाटे ठरलेले आहेत: 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याण, 5 टक्के दिव्यांगांसाठी.

संमतिपत्र नसेल तर वर मांडलेलं सगळं फोल. पाइप ज्याच्या बांधातून जायची त्याच्याकडे ग्रामसभेनंतर गेलं तर तो अडवणारच, कारण त्याला न विचारता गावानं ठरवलं. आधी गेलं तर बहुधा एवढंच म्हणतो, पेरणीच्या आधी खणा.

मसुदा सरपंच आणि भाऊसाहेब या दोघांनाही आधी वाचायला द्यावा. सभेत अचानक काढलेला कागद चांगला असला तरी सरपंचाला तो आपल्यावरचा वार वाटतो. सूचक सरपंचांच्या बाजूचा, अनुमोदक समोरच्या पॅनेलचा, ही जोडी जमली तर विरोधाला तोंड उरत नाही. ती जमवायला दोन संध्याकाळी जातात. जाऊ द्याव्यात.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं हे काम घडी बसवून केलं. तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो, आणि त्याआधी अभ्यासगटात विषय घोळला जातो. लोकांना त्यांची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणाच आठवते. त्यामागच्या अभ्यासगटांच्या बैठका कुणी विचारत नाही.

1 ऑक्टोबर

महिला सभा. रात्री वहीतल्या खात्रीच्या नावांना एकेक फोन, दोन वाक्यांचा. यंत्राची पाळी दहाच्या आधी कुणाची आहे ते पाहून सभेची वेळ सोसते का, याची शेवटची चाचपणी.

2 ऑक्टोबर

हजेरीची सही आत शिरतानाच मागतात. करावी, पण पानावर वर तारीख आणि ‘ग्रामसभा’ असं लिहिलंय का ते पाहून. कोऱ्या पानावरच्या सह्या नंतर कोणत्याही ठरावाखाली येऊ शकतात. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचा विषय पहिला असतो आणि सगळे तेव्हाच गप्पा मारतात. तेच कान देऊन ऐकायचं, मागच्या ठरावाचं काय झालं ते तिथेच विचारायचं. आपला ठराव मंजूर झाला की सभा संपायच्या आत तो प्रोसिडिंग बुकात शब्दशः उतरवून मोठ्यानं वाचायला लावायचा. ‘घरी जाऊन नीट लिहितो’ याला हसून नाही म्हणायचं.

6 ऑक्टोबर

ठरावाच्या नकलेसाठी अर्ज. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, तीस दिवसांची मुदत. नक्कल आली की ठराव क्रमांक, मीटर आणि निधीचं शीर्ष मसुद्याशी ताडून पाहायचं. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढला की काम तिथेही दिसायला हवं.

आणि वही पुन्हा काढायची. जे आले त्यांना ठराव क्रमांक घरी जाऊन सांगायचा. जे आले नाहीत त्यांनाही, तोंड वाकडं न करता. ऊसतोडीच्या पट्ट्यात दसऱ्यानंतर कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, कारखान्यांकडे निघतात, 26 जानेवारीला बरीच घरं कुलपात असतील. त्या घरांपुढे आजच खूण करून ठेवली.