शिवशिवणारे हात आणि ऑर्किड

दसरा झाला की इंदुरातल्या बागांमधल्या कात्र्या बाहेर निघतात. गुलाबाची छाटणी दिवाळीच्या आत उरकायची असते. राजेंद्रनगर, लोकमान्यनगरकडच्या अंगणांमधून काटेरी फांद्यांचे भारे फाटकाबाहेर येतात आणि माळी विचारत राहतो, ‘और छोटा कर दूँ क्या?’ गुलाब निम्मा छाटला तरी कुरकुर करत नाही, सहा-सात आठवड्यांत कळ्या दाखवतो. या हिशेबाला सरावलेला हात मग खिडकीतल्या ऑर्किडकडे वळतो. कुणाच्या तरी वास्तुशांतीची नाहीतर दिवाळीची ती भेट. फुलं गळून गेलेली, मधोमध नुसता दांडा, कुंडीबाहेर लोंबणारी राखाडी मुळं, आणि हात शिवशिवू लागतात. खरं म्हणजे यातलं जवळजवळ काहीच कापायचं नसतं.

आधी त्या मुळांबद्दल. फॅलेनॉप्सिसचं, म्हणजे रुंद जाड पानांच्या नेहमीच्या ऑर्किडचं, मूळ मातीत राहण्यासाठी नसतंच. रानात ते झाडाच्या सालीला धरून उघड्यावर वाढतं. त्यावरचा सच्छिद्र पांढरट थर पाणी चटकन टिपतो. मूळ कोरडं असताना रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं. पाणी कधी घालायचं हे कॅलेंडर नाही, हा रंग सांगतो. कुजलेलं मूळ तपकिरी, लिबलिबीत होतं. ओढलं तर वरचं आवरण निसटतं आणि हातात नुसता दोरा उरतो. तेवढंच कापावं. बाहेर लोंबणारी मुळं बळेच कुंडीत कोंबू नयेत, ती मोडतात.

माळव्याची हवा ऑर्किडला मानवत नाही, हे अर्धंच खरं. इथल्या रानात आंब्या-मोहाच्या झाडांवर वांडा टेसेलाटा हे आपलं देशी ऑर्किड मे महिना उघड्या मुळांनी काढतं. लोक त्याला बांडगूळ समजतात, पण ते यजमान झाडाचं काही घेत नाही. (ते ओरबाडून घरी आणू नये. रानातून उपटलेली ऑर्किडं कुंडीत क्वचितच जगतात.) दुकानातल्या संकरित जातींचे पूर्वज मात्र बहुतेक दमट जंगलांतले. त्यांना इथे थोडी मदत लागते, ती कात्रीची नव्हे.

आता तो दांडा. फुलं गेल्यावर तो हिरवागार असेल आणि झाडाला निदान चार-पाच टणक पानं असतील, तर बुंध्याकडून दुसऱ्या किंवा तिसऱ्या गाठीच्या वर साधारण एक सेंटीमीटर ठेवून कापावा. गाठ म्हणजे जिथे छोटं त्रिकोणी आवरण दांड्याला चिकटलेलं असतं ती जागा. तिथून दोन-तीन महिन्यांत आडवा फाटा निघू शकतो. त्याची फुलं जरा लहान आणि कमी असतात. दांडा पिवळा पडत आला असेल, किंवा पानं सुरकुतलेली असतील, तर ही हाव सोडावी आणि बुंध्यापाशी दोन सेंटीमीटर ठेवून दांडा उतरवावा. दुबळ्या झाडाकडून दुसरा बहर घेतला की ते पुढच्या वर्षी फुलत नाही, कधी कधी उरतही नाही. सगळ्यांत खालचं पान पिवळं पडणं हे वयाचं लक्षण. ते आपण होऊन हातात येईपर्यंत थांबावं. मधल्या पोग्याला मात्र कधीच हात लावू नये, कारण फॅलेनॉप्सिसचा शेंडा एकच असतो. तिथे रात्रभर पाणी साचलं तरी तो कुजतो, म्हणून पाणी सकाळी घालावं आणि पोग्यात पडलेले थेंब कापसाने टिपावेत.

डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडवर खरा अन्याय होतो. त्याच्या उभ्या कांड्यांपैकी जुन्यांची पानं झडतात आणि त्या नुसत्या काठ्या दिसू लागतात. घरात पाहुणे यायचे असले की त्यांच्यावर आधी गदा येते. पण त्याच काठ्यांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. नवा कोंब त्यावर पोसला जातो, आणि पान नसलेल्या कांडीच्या वरच्या गाठींतून पुन्हा फुलं येतात, तीही सलग काही वर्षं. नखाने हलकं दाबून पाहावं. भरीव आणि हिरवट असेल तर ठेवावी. पोकळ, तपकिरी, कागदासारखी झाली असेल तरच मुळापासून काढावी. झाड वाटून दोन करायचं झालं तर प्रत्येक भागाला निदान तीन-चार कांड्या हव्यात. एकेका कांडीचे वाटे केले की सगळेच वाटे रखडतात.

कापायची वेळ आलीच तर गुलाबाची कात्री तशीच आणू नये. ऑर्किडचे विषाणू रसातून पसरतात, त्यांवर इलाज नाही, आणि नुसत्या स्पिरिटने ते मरतीलच असं नाही. पातं गॅसच्या ज्योतीवर चांगलं तापवून गार होऊ द्यावं, किंवा प्रत्येक झाडाला नवं ब्लेड घ्यावं. ब्लेड असतं तरी किती रुपयांचं! कापलेल्या दांड्याला दालचिनीची पूड लावावी, मुळांना मात्र लावू नये, ती सुकतात.

मरतात ती झाडं बहुतेक छाटणीने नव्हे, कुंडीने. भेटीची ऑर्किडं बऱ्याचदा मॉसच्या, म्हणजे शेवाळाच्या, घट्ट गोळ्यात, शिवाय छिद्र नसलेल्या चिनीमातीच्या भांड्यात येतात. वरचा मॉस सुकलेला दिसतो, मधला आठवडाभर ओला राहतो, आणि मुळं आतल्या आत कुजतात. बहर संपला, नव्या मुळांची हिरवी टोकं दिसू लागली, की झाड बाहेर काढून मॉस हाताने सोडवावा. त्याच्या जागी भरायचं ते असं: दोन भाग लोणारी कोळसा, एक भाग विटेचे तुकडे, एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, सगळं बोटाच्या पेराएवढं. सोडण रात्रभर भिजवून दोन-तीनदा पाणी बदलावं, त्यातला क्षार निघून जातो. कुंडी चार-पाच इंची, भरपूर भोकांची. मोठी कुंडी म्हणजे प्रेम, हा समज इथे महागात पडतो. सोडण दीड-दोन वर्षांत कुजतं, मग पुन्हा हेच करावं लागतं. माती मुठभरसुद्धा नको, माळव्याची काळी तर नकोच.

पाण्याचं म्हणाल तर बोरिंगचं टाळावं. कोळशावर आणि मुळांच्या टोकांवर पांढरा थर धरतो, टोकं करपतात. नळाला नर्मदेचं पाणी आलं की त्यातली बादली बाजूला ठेवावी. पावसाचं मिळालं तर उत्तमच. आरओमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची काटकसर तुळशीपाशी चालेल एक वेळ, ऑर्किडला नाही. त्यात क्षार एकवटलेले असतात. कूलरच्या टाकीतल्या पाण्याचंही तेच. कूलरची हवा मात्र एप्रिल-मेमध्ये वरदान आहे, झाड त्याच खोलीत, पण झोताच्या बाहेर ठेवलं तर. खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) लिटरला पाव चमचा, तेही आधी साध्या पाण्याने भिजवलेल्या मुळांवर, आठवड्यातून एकदा. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी.

गुलाब छाटण्याच्या त्याच दिवसांत फॅलेनॉप्सिसला एकच गोष्ट हवी असते, रात्रीचा गारवा. १५ ते १८ अंशांच्या रात्री चार-सहा आठवडे मिळाल्या की नवा दांडा निघतो, आणि इंदूरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर तो फुकट देतो. पूर्वेची खिडकी रात्री उघडी ठेवायची, बस्स. डिसेंबरात पारा १२ अंशांखाली जाऊ लागला की झाड आत घ्यावं. कळ्या दिसल्यावर कुंडी फिरवू नये आणि शेजारी पिकलेल्या केळ्यांचा घड ठेवू नये. फळांतून निघणाऱ्या वायूने कळ्या न उमलता गळतात. मग दोष नजर लागण्याला दिला जातो.

कधी कधी दांड्याच्या गाठीवर फुलाऐवजी छोटं रोप फुटतं. नर्सरीवाले त्याला केकी म्हणतात. दिसल्याबरोबर शेजारच्या काकूंपासून मावशींपर्यंत मागण्या सुरू होतात. त्याला पाच-सहा सेंटीमीटरची तीन मुळं येईपर्यंत ते आईलाच लागून राहू द्यावं. पानांवर पाण्याचा बारीक फवारा पुरतो. मग दोन्ही बाजूंचा थोडा दांडा ठेवून कापावं आणि तीन इंची कुंडीत बसवावं. त्याला फूल यायला दोनेक वर्षं लागू शकतात, हे देतानाच काकूंना सांगून टाकावं.