आखाजीच्या आमंत्रणाचं कार्ड: सातपुड्यावरचे सप्तर्षी

रात्रीच्या आकाशाचं कार्ड म्हटलं की निळा रंग, एक चंद्रकोर आणि पांढऱ्या ठिपक्यांचा सडा, असं ठरूनच गेलंय. दिसतं छान, पण ते आकाश कुठल्याच गावाचं नसतं. आपल्याकडे खान्देशात चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा या पट्ट्यातल्या कुठल्याही गच्चीवरून सातपुडा उत्तरेला दिसतो. म्हणजे कार्डावर खाली सातपुडा काढला, तर वर उत्तरेचंच आकाश हवं. तिथे चंद्र कधीच येत नाही. तिथे ध्रुव असतो आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत त्याच्या वर पालथे पडलेले सप्तर्षी. माहेरी येणाऱ्या लेकीला आमंत्रण पाठवायचं, तर तिने लहानपणी अंगणात बाजेवर पडून पाहिलेलं आकाशच पाठवावं.

कागदापासून सुरुवात. ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपर घ्या, ए-५ मापाचा (२१ × १४.८ सेंमी). मधोमध घडी घातली की १०.५ × १४.८ चं उभं कार्ड होतं. साधी ड्रॉइंग शीट पाण्याने फुगते आणि घासली की तिची साल निघते. हातकागद दिसायला देखणा, पण बरेच हातकागद टिपकागदासारखा रंग पितात आणि आकाशात डाग राहतात. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या दिशेने घडी यायला हवी. उलट घातली तर घडीवर रंग तडकतो. घडीची रेघ रिकाम्या रिफिलने आणि पट्टीने आधी दाबून घ्या, पण घडी आत्ता घालू नका. रंग वाळल्यावरच घाला.

कागद पाटावर मास्किंग टेपने चारही बाजूंनी चिकटवा. रंगवायचा तो फक्त उजवा अर्धा भाग, कारण तोच पुढचा होतो. घडीच्या रेघेवरही टेप लावा.

आता खान्देशातली खरी अडचण. चैत्र-वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. ओल्यावर ओला रंग लावायची पद्धत वाचून दुपारी पंख्याखाली बसलात, तर दुसरा रंग कालवेपर्यंत पहिला वाळलेला असतो. मग आकाशात कडक रेघा पडतात. त्या मिटवायला अर्धवट वाळलेल्या रंगावर पाणी घातलं, की फुलकोबीच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. तो पुसला जात नाही. म्हणून सकाळी सातच्या आत किंवा रात्री बसा. पंखा बंद. कूलर असलेल्या खोलीत हवेत ओल असते, तिचा फायदा घ्या, पण त्याचा झोत कागदावर नको. दोन्ही रंग दोन वाट्यांत आधी कालवून ठेवा आणि मगच कागदाला पाणी लावा.

पहिल्या वाटीत दोन भाग प्रशियन ब्लू, एक भाग अल्ट्रामरिन आणि ब्रशच्या टोकावर मावेल एवढा काळा. दाटपणा पातळ ताकाएवढा. दुसऱ्या वाटीत अल्ट्रामरिन आणि किंचित तपकिरी, भरपूर पाण्यात. रुंद ब्रशने कागद सगळीकडे ओला करा, दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा एक हात पाणी फिरवा. कागद चमकला पाहिजे, पण पाण्याचं तळं साचायला नको. वरून गडद, खालून फिका, असे दोन्ही रंग मध्यावर आणून भेटवा आणि पाट जरा तिरका धरा. क्षितिजाजवळ फिका ठेवण्याला कारण आहे: उन्हाळ्यात खालच्या हवेत धूळ असते, त्यामुळे तिथलं आकाश काळंशार दिसत नाही आणि तारेही कमी दिसतात. वाळल्यावर रंग बराच फिका पडतो. तेव्हा पूर्ण वाळू द्या आणि वरच्या भागावर दुसरा हात द्या. एकाच हातात काळोख आणायला गेलात, तर रंगाचा थर कोळशासारखा मेलेला दिसतो.

ओल्या रंगावर मीठ टाकायची युक्ती अनेकजण सांगतात. मला ती या कार्डासाठी पसंत नाही. मिठाने उमटतात ती फुलं, तारे नव्हेत. शिवाय मिठाचे कण चिकटून राहिले तर पावसाळ्यात ओल धरतात.

बारीक ताऱ्यांसाठी पांढरा पोस्टर कलर दुधाएवढा पातळ करा, जुन्या टूथब्रशला लावा आणि ब्रश रद्दी कागदावर दोनदा झटका. पहिले थेंब नेहमी मोठे पडतात. मग कागदापासून वीतभर अंतरावर धरून अंगठा केसांवरून स्वतःकडे ओढा, म्हणजे तुषार पुढे उडतात. खालचा चार सेंमी भाग कागदाने झाका. तीन-चार झटके पुरेत. जास्त शिंतोडे पडले तर सप्तर्षी गर्दीत हरवतात. आकाशगंगेचा पट्टाही काढू नका. या दिवसांत रात्री नऊ-साडेनऊला ती क्षितिजालगत पडलेली असते, उत्तरेला डोक्यापर्यंत चढत नाही.

आता मुख्य तारे. हे रंगाने काढायचे नाहीत, सुईने टोचायचे. पातळ कागदावर पुढची मापं मांडा. पहिला आकडा डाव्या कडेपासून (म्हणजे घडीच्या रेघेपासून), दुसरा खालच्या कडेपासून, दोन्ही सेंमीत. ध्रुव ३.५ आणि ६.५. क्रतू ३.५ आणि ११.७. पुलह ३.५ आणि १२.७. पुलस्त्य ४.९ आणि १३.१. अत्री ५.४ आणि १२.३. अंगिरस ६.४ आणि १२.१. वसिष्ठ ७.२ आणि ११.८. मरीची ८.४ आणि १२.२.

हे आकडे मनाचे नाहीत. पुलह ते क्रतू हे साधारण साडेपाच अंशांचं अंतर १ सेंमी धरलंय. त्याच रेघेत साधारण पाचपट खाली आलं की ध्रुव. आपलं खान्देश २१ अक्षांशाच्या आसपास, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढेच अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा. कार्डावर ते साधारण ३.९ सेंमी होतात, म्हणून क्षितिज २.६ सेंमीवर. एप्रिलअखेरीला साडेनऊच्या सुमारास सप्तर्षी असेच दिसतात: चौघांचा पलंग पालथा, तिघांचं शेपूट उजवीकडे.

टोचणं मात्र सातपुडा रंगवून, टेप काढल्यावरच. तेव्हा नमुन्याचा कागद वाळलेल्या कार्डावर ठेवा, खाली जुनी रबरी चप्पल घ्या आणि पुढच्या बाजूने टोचा. मागून टोचलं तर दोन चुका होतात: भोकाची खरबरीत कड पुढे येते आणि सप्तर्षी आरशातल्यासारखे उलटे होतात. सहा ऋषींना गोधडी शिवायची सुई, अत्रीला बारीक सुई, कारण सातांत तोच मंद. ध्रुवाला मोठं भोक पाडायचा मोह आवरा. तो साधारण त्या सहांइतकाच तेजस्वी आहे. त्याचं मोठेपण जागेवरून न हलण्यात आहे.

लग्नात दाखवतात ती अरुंधती वसिष्ठाच्या खाली, उजव्या अंगाला. या मापात ती अर्ध्या मिलिमीटरहून जवळ येते, तिथे दुसरं भोक पडत नाही, वसिष्ठाचंच भोक फाटतं. म्हणून टाचणीच्या टोकाने पांढऱ्या रंगाचा ठिपका मिलिमीटरभर दूर ठेवा. एवढी सूट घ्यावी लागते.

रंगवण्यात सातपुडा शेवटी. त्याला त्रिकोणी शिखरं काढू नका. तो लांबच लांब, सपाट माथ्यांचा, हळूहळू चढणारा डोंगर आहे. मागची रांग निळसर फिकी, पुढची गडद, आणि उंची क्षितिजापासून १ सेंमीच्या आत. त्याखाली जवळजवळ काळ्या रंगात केळीची बाग. केळीचं पान वाऱ्याने चिरलेलं असतं, म्हणून कडेला दोन-तीन चिरा ठेवल्या की ओळख पटते.

टेप सावकाश, कागदाला लगटून मागे ओढत काढा. उन्हात तापलेली टेप साल घेऊन येते. कार्ड आत वळलं असेल तर मागच्या बाजूला ओलसर फडकं फिरवा, दोन कोऱ्या कागदांत घालून रात्रभर गहू-दादरच्या (ज्वारीच्या) डब्याखाली ठेवा आणि मग घडी घाला.

मजकूर आत उजव्या पानावर लिहा. डाव्या पानाला कागद चिकटवू नका, नाहीतर भोकं बुजतील. कार्ड अर्धं उघडून उभं ठेवायचं आणि मागे मोबाइलचा टॉर्च लावायचा, म्हणजे आठही तारे पेटतात. पणती मागे ठेवू नका. मजकूर लांबवायची गरज नाही: ‘आखाजीले ये वं’ एवढं पुरतं. त्याखाली बारीक अक्षरात लिहा, की रात्री जेवणं झाल्यावर उत्तरेकडे तोंड करून कार्ड आकाशाशी जुळवून बघ.