सूप म्हणजे काय ते लिहून आणा

मंगळवार, रात्री

बचत गटाच्या ताईचा फोन आला होता. प्रदर्शनात प्रत्येक वस्तूपुढे कार्ड ठेवायचं आहे म्हणे. नाव, कशाची बनवली, उपयोग काय. म्हटलं, बांबूच्या सुपाचंही? म्हणाली, हो, सूप म्हणजे काय तेही लिहून आणा.

फोन ठेवल्यावर एकटीच हसत बसले. लग्न होऊन या घरात आले त्याला २० वर्षं झाली, तेव्हापासून आठवडी बाजारात पोतं अंथरून बसते. हे काय आहे, असं एकाही बाईनं विचारलं नाही. येते ती सरळ सूप उचलते, उलटं करते, बूड अंगठ्यानं दाबते, काठाची बांधणी बघते, रिकामंच दोनदा पाखडून पाहते आणि मग म्हणते, "केवढ्याले देतं वं?" मी १५० म्हटलं की तिचं ७० ठरलेलं. एवढ्यात सगळं बोलणं झालं.

आता चंद्रपूरला चांदा क्लबच्या मैदानावर पाच दिवस उभं राहायचं. एक टेबल, तेही दुसऱ्या गटासोबत अर्धं. त्यांचे लाखोळीच्या डाळीचे वडे आणि लोणची, आमचा बांबू. लोणच्याचं तेल सुपांना लागू नये म्हणजे मिळवली.

शुक्रवार

आज फार वाईट झालं. प्रदर्शनासाठी बनवलेल्या बांबूच्या लॅम्पशेडचा गठ्ठा माळ्यावरून खाली काढला तर खालच्या पेपरावर पिवळसर पीठ सांडलेलं. घुण. १४ पैकी ९ शेड गेल्या. सुईनं टोचावीत तशी भोकं.

दोष माझाच आहे. बांबू दिवाळीनंतर तोडायचा, हे आमच्याकडे पोरंटोरंही सांगतील. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला घुण लवकर लागतो, आतल्या पिष्टावरच तो येतो. मी तोडला भादव्यात. ताईनं प्रदर्शनाचं सांगितलं आणि माझा धीर सुटला. जंगलात जाणं तर आता चार-पाच जण सोबत असल्याशिवाय होत नाही. रांजीत, म्हणजे बांबूच्या बेटात, वाकून तोडताना मागे काय आहे ते दिसत नाही आणि या भागात वाघ काही गोष्टीतला नाही. म्हणून बांधावरचाच तोडला. २०१७ साली कायद्यानं जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, तेव्हापासून तोडायला आडकाठी नाही आणि बांधावरची रांजी हाताशी वाटते. हाताशी आहे म्हणून हात शिवशिवला, तेच नडलं. बरं, प्रशिक्षणात कामट्या बोरॅक्स आणि बोरिकच्या पाण्यात भिजवायला शिकवलं होतं. बोरिक संपलं होतं. तालुक्याला जाऊन आणू, आणू म्हणता राहिलंच.

गंमत अशी की त्याच बांबूची सुपं ठणठणीत आहेत. एकालाही भोक नाही. सूप बनतं पाठीच्या हिरव्या सालीचं, आणि शेडसाठी मी वापरल्या आतल्या गराच्या पट्ट्या, त्या रुंद निघतात म्हणून. घुणाला गरच गोड लागतो. सासूबाईंनी ९ शेड चुलीजवळ नेऊन ठेवल्या आणि एवढंच म्हणाल्या, "गर म्हणजे जाळाची चीज. तूनं त्याचा दिवा बनवला."

यावर काय बोलणार? रात्री त्याच शेडवर अंघोळीचं पाणी तापलं.

रविवार

सुपल्या झाल्या ६०. वीतभरही नाहीत, पण बांधणी मोठ्या सुपाचीच. संक्रांतीच्या वाणाला शहरातल्या बायका एकदम डझनभर घेतात, असं ऐकलंय. शेडचं नुकसान यातूनच भरून निघालं तर निघालं.

भावावरून घरात वाजलं. पोरगी बारावीला आहे, तिनं कागद घेतला आणि हिशेब मांडला. एका सुपाला अर्धा दिवस, अर्ध्या दिवसाची मजुरी, बांबू, भाडं. तिचा आकडा आला ३५०. मला तो मोठ्यानं वाचायलाही लाज वाटली. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यांच्या काळी सूप द्यायचं आणि त्याच सुपात मावतील तेवढे धान घ्यायचे. मग पोरगी उठली, सुपात शीग लागेपर्यंत धान भरले, वजनकाट्यावर टाकले आणि आजच्या भावानं गुणले. किती आले ते लिहीत नाही, पण बाजारात मी इतकी वर्षं सूप त्याच्यापेक्षा थोडं महाग विकलं, फार महाग नाही. शेवटी २५० ठरले. पोरगी रुसली. क्यूआर कोड मात्र तिच्याच मोबाइलवर आहे, त्यामुळे तिला न्यावंच लागेल.

बुधवार, उद्या निघायचं

सगळं बांधून झालं. टोपली टोपलीत बसते, दुरडीत परडी, त्यामुळे आमचा माल कमी जागेत मावतो. लोणचंवाल्या ताईंना आमचा हेवा वाटतो. सकाळच्या गाडीनं चांदाफोर्ट स्टेशनला उतरायचं, तिथून ऑटो.

पोरीनं कार्ड लिहिली, अक्षर छान आहे. 'सूप. बांबूच्या सालीपासून हातानं विणलेलं. धान्य पाखडण्यासाठी. भिंतीवर लावल्यासही शोभतं.' सासूबाईंना वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या. "भितीले? काहून भितीले?" पोरगी म्हणाली, आजी, फ्लॅटमध्ये कोण पाखडतं? त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं बघते तर कोंड्यासकट दोनेक किलो धान फडक्यात बांधून माझ्या पिशवीशेजारी ठेवलेले.

"इचारलं कोनी का हे काय आहे, त पाखडून दाखवतो मी."

म्हणजे त्याही येणार. हे मला आत्ता कळतंय. टेबलामागे खुर्च्या दोनच मिळणार आहेत, आणि शेजारी लोणच्याच्या उघड्या बरण्या. कोंडा उडाला तर?

यादीत झाकायला चादर आणि एक झाडू वाढवला.