भुसावळ ते मुंबई हाय : तेलापेक्षा पाण्याचंच काम जास्त

भुसावळहून रात्रीची गाडी, सकाळी जुहूचा हेलिबेस. हेलिकॉप्टर पाण्यात उलटलं तर बाहेर कसं पडायचं, याचं प्रशिक्षण आधी झालेलं लागतं. त्याशिवाय बसू देत नाहीत. मुंबईच्या पश्चिमेला साधारण 160 किलोमीटर गेलं की समुद्रात लोखंडी सांगाडे, म्हणजे तेल काढायचे प्लॅटफॉर्म, दिसू लागतात. हेच मुंबई हाय, समुद्रातलं तेलक्षेत्र. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने इथे तेल शोधलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं.

खानदेशातली आयटीआय-डिप्लोमावाली पोरं विचारतात, तिथे नेमकं करतात काय? खरं सांगायचं तर तेल-पाणी वेगळं करतात. जुन्या विहिरींतून तेलापेक्षा पाणीच जास्त येतं.

विहिरींच्या छोट्या प्लॅटफॉर्मवर सहसा कुणी राहत नाही. तिथून तेल, गॅस, पाणी एकाच पाइपने मुख्य प्लॅटफॉर्मच्या सेपरेटरमध्ये येतं. या आडव्या टाकीत गॅस वर सुटतो, पाणी तळाला बसतं आणि तेल आतल्या बांधावरून पलीकडच्या कप्प्यात सांडतं. सगळी मदार पातळीवर. तेल फार खाली गेलं तर त्याच लाइनमधून गॅस पुढच्या कमी दाबाच्या टाकीत घुसतो, आणि ती तेवढा दाब झेलायला बनवलेली नसते. पातळी फार चढली तर तेल गॅसबरोबर कॉम्प्रेसरकडे निघतं आणि कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून पुढे पाठवणारं यंत्र, ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. मग गॅस फ्लेअरला, म्हणजे उघड्या ज्योतीत, जळतो, गॅस लिफ्टवरच्या, म्हणजे आत गॅस सोडून तेल वर आणणाऱ्या, विहिरीही मंदावतात. म्हणून चांगला ऑपरेटर ट्रान्समीटरचा, म्हणजे पातळी मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा साइट ग्लासशी, म्हणजे टाकीवरच्या पातळी दाखवणाऱ्या काचेशी, ताडून बघतोच.

सॅम्पल बाटलीत घेतलं तर चॉकलेटी, दाट इमल्शन, म्हणजे एकमेकांत घट्ट मिसळलेलं तेल-पाणी, दिसतं. ते फोडायला डिमल्सिफायर नावाचं रसायन सोडतात. कमी पडलं तर तेलात पाणी राहतं. जास्त झालं तरी इमल्शन उलट घट्ट होऊ शकतं.

खडकातला दाब टिकवायला समुद्राचं पाणी खाली दाबतात. आधी ते गाळून त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो, नाहीतर पाइप गंजतात. शिवाय जिवाणू वाढले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तो विषारी. रावेर-यावलचे केळीवाले ठिबकमधले क्षार काढायला ॲसिड सोडतात ना, तेच रसायन इथे. मुंबई हायचा तेलाचा खडक चुनखडीचा, म्हणून विहीर मंदावली की हायड्रोक्लोरिक ॲसिड उतरवतात. त्यात गंजरोधक मिसळलेलं नसेल तर ते नळीच खातं.

सर्वांत जपायचा भाग म्हणजे राइझर, समुद्रतळावरून वर येणारा उभा पाइप. 27 जुलै 2005 ला एक जहाज राइझरवर आदळलं, आग लागली, 22 जीव गेले. राइझर व्हॉल्व्हच्या खाली फुटला तर वरचा व्हॉल्व्ह बंद करूनही भागत नाही. पाइपलाइनमधला गॅस आगीला मिळतच राहतो. म्हणून बोट शक्यतो वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने लावायची. तिचं इंजिन बंद पडलंच तर वारा तिला प्लॅटफॉर्मपासून लांब नेतो.