ओल्या केसांशी हळू वागा

माझे केस लांब आणि पोताने बारीक. न्हाऊन झालं की मी ते टॉवेलने खसाखसा पुसत नाही, जुन्या सुती कापडात नुसते टिपून घेते. ओला केस जास्त ताणला जातो आणि पटकन तुटतो. गुंता आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांपासून सुरुवात करून वर वर सोडवायचा.

रोज घट्ट वेणी किंवा अंबाडा मला अजिबात पटत नाही. सततच्या ओढीने कपाळाजवळचे केस विरळ होतात, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं तर तिथे पुन्हा केस येतही नाहीत. लहान मुलींच्या वेण्या घालणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवाच.

दिवसाला 50 ते 100 केस गळणं स्वाभाविक आहे. मोठा ताप, बाळंतपण किंवा कडक डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी ते भराभर गळू लागतात. बहुतेकदा परत येतात. तेलाने केस मऊ राहतात, तुटणं कमी होतं, पण मुळापासून गळणं त्याने थांबतं असं मी कुणाला सांगणार नाही. भांग रुंदावत असेल किंवा चाई पडली असेल तर सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लोह आणि थायरॉइड तपासायचं का, तेही त्यांनाच विचारा.